फोर्ड ५.० एचओ: कॅम, इंजेक्टर आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवून कसे निवडायचे

१९८६ ते १९९३ या काळातल्या फोर्ड मस्टँगमधलं ५.० लिटरचं एचओ (हाय आउटपुट) इंजिन हे फ्युएल इंजेक्शनची बांधणी शिकण्यासाठी फार चांगलं इंजिन आहे. सुटे भाग अजून सहज मिळतात, बॉनेटखाली हात घालायला जागा आहे आणि त्याच्या ईईसी-४ कॉम्प्युटरचं वागणं हौशी लोकांनी वर्षानुवर्षं बारकाईने उलगडून ठेवलं आहे. अमेरिकेत राहून जुनी मस्टँग हाती घेणाऱ्या कुणालाही पुढची माहिती थेट वापरता येईल. दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील, विचार करण्याचा क्रम तोच राहील.

नवखे लोक बहुतेक वेळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आवाजावर भाळून घेतात, इंजेक्टर ‘मोठे असलेले बरे’ म्हणून घेतात आणि गाडी सिग्नलला बंद पडू लागली की कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडतात. खरं तर त्या कॉम्प्युटरला दोन गोष्टी खऱ्या कळायला हव्यात. इंजिनात हवा किती आली, आणि इंजेक्टर उघडल्यावर दर मिलिसेकंदाला पेट्रोल किती सुटतं. कॅम बदलला की पहिल्या उत्तराला धक्का बसतो, इंजेक्टर बदलला की दुसऱ्याला. ही दोन्ही उत्तरं कॉम्प्युटरपर्यंत खरी पोचतील अशा बेताने तिन्ही वस्तू निवडायच्या. प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न स्वतःला विचारत राहा.

पायरी १ : गाडीत आधी काय आहे ते ओळखा

पैसे खर्च करण्याआधी चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, हवा मोजायची पद्धत. १९८६ ते १९८८ च्या मस्टँग ‘स्पीड डेन्सिटी’ पद्धतीच्या आहेत. यात हवा प्रत्यक्ष मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि आरपीएम पाहून, आत ठरवून दिलेल्या तक्त्यावरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. १९८९ पासून सगळ्या मस्टँग ‘मास एअर’ झाल्या, आणि कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्या १९८८ मध्येच. यात एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये मीटर असतो, तो येणारी हवा खरोखर मोजतो. एअर फिल्टरनंतर तारांचा कनेक्टर लावलेला मीटर दिसला तर गाडी मास एअर आहे.

दुसरी, कॉम्प्युटरचा कोड. प्रवाशाच्या बाजूला, पायाजवळच्या पॅनेलमागे कॉम्प्युटर असतो. भारतातून आलेल्यांनी लक्षात ठेवा, अमेरिकेत प्रवाशाची बाजू म्हणजे उजवी बाजू. साठ पिनांच्या कनेक्टरजवळच्या लेबलवर तीन-चार अक्षरी कोड असतो. स्पीड डेन्सिटी मॅन्युअलला डीए१, मास एअर मॅन्युअलला ए९एल, मास एअर ऑटोमॅटिकला ए९पी हे नेहमी आढळणारे कोड.

तिसरी, पिस्टन. १९८६ च्या एचओ इंजिनात सपाट माथ्याचे पिस्टन आहेत, त्यांना व्हॉल्व्हसाठी खाचा नाहीत. १९८७ पासून खाचा आल्या. १९८६ च्या इंजिनात मोठा कॅम किंवा मोठ्या व्हॉल्व्हचं हेड टाकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. हे एकच कलम तुमची सगळी निवड बदलू शकतं, म्हणून त्याची शहानिशा आधी करा.

चौथी, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम. एचओ इंजिनाचा क्रम १-३-७-२-६-५-४-८ असा आहे. त्याच काळातल्या लिंकन टाउन कार किंवा क्राउन व्हिक्टोरियामधल्या साध्या ५.० इंजिनाचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. भंगारातून इंजिन किंवा कॅम आणणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी बदलल्या की इंजिन चालतं, पण ईईसी-४ प्रत्येक इंजेक्टर वेगवेगळ्या वेळी उघडतो, आणि तो क्रम कॉम्प्युटरच्या आत कोरलेला असतो. ठिणगी एका क्रमाने आणि पेट्रोल दुसऱ्या क्रमाने असं झालं की काही सिलिंडरना पेट्रोल चुकीच्या वेळी मिळतं, आयडल (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) खरबरीत होतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. एचओचा कॅम असेल तर एचओचाच कॉम्प्युटर हवा. सिलिंडर मोजताना प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८.

पायरी २ : उद्दिष्ट आकड्यात लिहा

‘थोडी जास्त पॉवर’ हे उद्दिष्ट नाही. १९८७ ते १९९२ च्या एचओची कंपनीने दिलेली ताकद २२५ हॉर्सपॉवर होती. हेड, इनटेक, एक्झॉस्ट आणि कॅम बदलून फ्लायव्हीलवर सुमारे ३०० हॉर्सपॉवर हे रस्त्यावरच्या गाडीसाठी समंजस उद्दिष्ट आहे. या लेखातलं उदाहरण तेच : १९८९ ची पाच गिअरची मस्टँग, ए९एल कॉम्प्युटर, पेट्रोल पंपावरचं साधं पेट्रोल, रोजचा वापर.

मागच्या ॲक्सलचं प्रमाणही लिहा. २.७३ किंवा ३.०८ चा ॲक्सल असलेल्या गाडीत मोठा कॅम टाकला तर इंजिन जिथे जोर देतं त्या आरपीएमपर्यंत गाडी रस्त्यावर फारशी पोचतच नाही. ३.५५ च्या आसपासचा ॲक्सल आणि मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर कॅमला न्याय मिळतो.

पायरी ३ : कॅम

कॅमच्या कार्डावर तीन आकडे पाहायचे. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. ०.०५० इंचावरचं ड्युरेशन म्हणजे टॅपेट (कॅमवर टेकून वरखाली होणारा भाग) ०.०५० इंच, अर्थात १.२७ मिमी, वर गेल्यापासून परत तितकाच खाली येईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो. आणि एलएसए म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मधला कोन. जाहिरातीत छापलेलं मोठं ड्युरेशन तुलनेला वापरू नका, प्रत्येक कंपनी ते वेगळ्या ठिकाणाहून मोजते.

मूळ एचओ कॅम : २१० अंश, लिफ्ट ०.४४४ इंच, एलएसए साधारण ११५. फोर्डच्याच रेसिंग विभागाचे ‘अक्षरवाले’ कॅम या इंजिनांत सर्रास दिसतात :

- ई३०३ : २२० अंश, ०.४९८ इंच, एलएसए ११०
- बी३०३ : २२४ अंश, ०.४८० इंच, एलएसए ११२
- एक्स३०३ : २२४ अंश, ०.५४२ इंच, एलएसए ११२
- एफ३०३ : २२६ अंश, ०.५१२ इंच, एलएसए ११४
- झेड३०३ : २२८ अंश, ०.५५२ इंच, एलएसए ११२

या सर्वांमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन सारखंच आहे, आणि सगळे एचओच्या फायरिंग ऑर्डरचे आहेत.

आता कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा काढू, ओव्हरलॅप. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तो काळ. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची बेरीज करा, चारने भागा, त्यातून एलएसए वजा करा आणि उत्तर दुप्पट करा. मूळ कॅमसाठी ४२० भागिले ४ म्हणजे १०५, वजा ११५ म्हणजे उणे १०, दुप्पट म्हणजे उणे २० अंश. ई३०३ साठी उत्तर शून्य. बी३०३ आणि एक्स३०३ साठीही शून्य. एफ३०३ साठी उणे २, झेड३०३ साठी अधिक ४.

हे आकडे नीट पाहा. ई३०३ हा या यादीतला ‘लहान’ कॅम समजला जातो, पण त्याचा एलएसए अरुंद असल्यामुळे आयडलला तो बी३०३ किंवा एक्स३०३ इतकाच त्रास देऊ शकतो. मूळ कॅमपासून या कुठल्याही कॅमवर जाणं ही सुमारे वीस अंशांची उडी आहे. ओव्हरलॅप वाढला की कमी आरपीएमला जळलेला वायू इनटेकमध्ये उलटा शिरतो, व्हॅक्यूम घटतो आणि हिसक्यांनी येतो. ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. पेडल कडक वाटू लागलं तर ती आधी सुरक्षेची अडचण आहे, आवाजाची मजा नंतर.

स्पीड डेन्सिटी गाडीत हाच व्हॅक्यूम हवेचा अंदाज बांधायला वापरला जातो. व्हॅक्यूम कमी झाला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर भार आलाय, तो पेट्रोल वाढवतो. इंजिन हंटिंग करू लागतं, आरपीएम वरखाली होतात, प्लग काळे पडतात. म्हणून स्पीड डेन्सिटी गाडी तशीच ठेवायची असेल तर कॅम मूळचाच राहू द्या. १.६ ऐवजी १.७ चे रॉकर टाका (रॉकर कॅमची हालचाल तितक्या पटीने वाढवून व्हॉल्व्हला देतो). लिफ्ट ०.४४४ वरून ०.४७२ इंचांवर जाते आणि ओव्हरलॅप जवळपास आहे तसाच राहतो. खर्च कमी, कॉम्प्युटरची तक्रार नाही. ज्यांना कॅम बदलायचाच आहे त्यांनी आधी मास एअर करून घ्यावं.

लिफ्ट हेडच्या कुवतीपलीकडे घेऊन उपयोग नाही. मूळ ई७ हेडचे व्हॉल्व्ह १.७८ आणि १.४६ इंचांचे आहेत, त्यांचे पोर्ट अर्ध्या इंचाच्या लिफ्टपर्यंत पोचण्याआधीच दमतात. त्यावर झेड३०३ टाकणं म्हणजे स्प्रिंग आणि रॉकर झिजवणं. जीटी-४० पी हेड असतील, तर १.८४ इंचाच्या इनटेक व्हॉल्व्हमुळे ०.५०० इंचांच्या आसपासची लिफ्ट कामी येते. फोर्ड एक्सप्लोररच्या ५.० इंजिनातून हे हेड मिळतात, मात्र त्यांचे स्पार्क प्लग वेगळ्या कोनात असल्यामुळे मूळ मस्टँगचे हेडर बसत नाहीत, पी हेडसाठीचेच घ्यावे लागतात.

आपल्या ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीला ई३०३ पुरतो. एक्स३०३ चा ओव्हरलॅप तितकाच, पण ई३०३ चा इनटेक व्हॉल्व्ह आधी बंद होतो, त्यामुळे खालच्या आरपीएमला टॉर्क टिकतो आणि स्प्रिंगवरचा ताणही कमी राहतो. ऑटोमॅटिक गाडीत यातला कुठलाही कॅम घालायचा तर टॉर्क कन्व्हर्टर जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, लागेल, नाहीतर ‘डी’ मध्ये टाकताच इंजिन मान टाकेल.

पायरी ४ : इंजेक्टर

इथे अंदाज नको, हिशेब करा. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.५ पौंड पेट्रोल खातं. सुपरचार्जर असेल तर ०.६ धरा. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही. ६,००० आरपीएमला क्रँकच्या दोन फेऱ्या २० मिलिसेकंदांत होतात, म्हणजे इंजेक्टरला मिळणार जास्तीत जास्त १७. त्यापलीकडे गेल्यावर त्याला बंद होऊन पुन्हा उघडायला पुरेसा वेळ राहत नाही आणि प्रवाह बेभरवशाचा होतो.

३०० गुणिले ०.५ म्हणजे तासाला १५० पौंड. भागिले आठ इंजेक्टर, भागिले ०.८५, उत्तर २२.१ पौंड. मूळ इंजेक्टर १९ पौंडांचे आहेत. तोच हिशेब उलटा केला तर ते सुमारे २५८ हॉर्सपॉवरपर्यंत पुरतात. २४ पौंडांचे सुमारे ३२६ पर्यंत आणि ३० पौंडांचे ४०८ पर्यंत. आपल्या गाडीला २४. सीसीमध्ये आकडे दिसले तर एक पौंड प्रतितास म्हणजे मिनिटाला साडेदहा सीसी, या हिशेबाने २४ पौंड म्हणजे २५२ सीसी.

हे आकडे फ्लायव्हीलवरचे आहेत. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकाशी मोजलेला आकडा त्यापेक्षा कमी येतो. तो घेऊन हिशेब केला तर इंजेक्टर लहान पडतील.

हे सगळे आकडे ३९ पीएसआय, म्हणजे सुमारे २.७ बार, या पेट्रोलच्या दाबावरचे आहेत. दाब वाढवला की प्रवाह वाढतो, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. १९ पौंडांचा इंजेक्टर ४५ पीएसआयवर २०.४ पौंड देतो, तेवढंच. दाब वाढवून इंजेक्टर मोठा केल्याचं समाधान मिळतं, पंपावरचा ताण वाढतो आणि कॉम्प्युटरला दिलेला इंजेक्टरचा आकडा खोटा ठरतो. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून, तिचं तोंड बंद करून दाब मोजा. ३९ च्या आसपास हवा.

जास्त मोठे घेतले तर काय बिघडतं? आयडलला इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. त्यातला जवळपास एक मिलिसेकंद तो उघडण्यातच जातो, त्याला डेड टाइम म्हणतात, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. इंजेक्टर दुप्पट मोठा केला तर आयडलचा पल्स इतका आखूड होतो की डेड टाइममधली छोटीशी चूकही मिश्रण बिघडवते. गरजेपेक्षा एक पायरी मोठा ठीक आहे, तीन पायऱ्या नाही.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा. मल्टीमीटरने रोध मोजा, १२ ते १६ ओहमच्या दरम्यान हवा. २ ते ५ ओहमचे लो इम्पिडन्स इंजेक्टर ईईसी-४ ला थेट जोडले तर आतले ड्रायव्हर जळतात. दुसरं, इंजेक्टरसोबत त्याचा डेड टाइम आणि प्रवाह यांचा छापील तक्ता मिळतो का ते विचारा. ट्यूनिंग करणारा माणूस आधी तोच मागेल. तक्ता नसलेले स्वस्त इंजेक्टर नंतर ट्यूनिंगच्या तासांत पैसे वसूल करतात.

पेट्रोल पंप विसरू नका. मूळ पंप तासाला ८८ लिटरचा आहे. २४ पौंडांच्या इंजेक्टरसाठी १५५ किंवा १९० लिटरचा टाकीत बसणारा पंप पुरतो.

पायरी ५ : एअर मीटर आणि कॉम्प्युटर

ए९एल कॉम्प्युटरमध्ये दोन गोष्टी पक्क्या लिहिलेल्या आहेत. इंजेक्टर १९ पौंडांचे आहेत, आणि मूळ ५५ मिमी मीटरच्या अमुक व्होल्टेजला अमुक हवा. २४ पौंडांचे इंजेक्टर नुसते बसवले तर प्रत्येक वेळी सव्वीस टक्के जास्त पेट्रोल पडेल. ओ२ सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) काही काळ ते सावरून धरेल, पण पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्युटर ओ२ सेन्सरकडे पाहत नाही. तेव्हा काळा धूर निघेल आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जाईल.

यातून बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, ‘२४ पौंडांसाठी कॅलिब्रेट केलेला’ मीटर. हा मीटर हवा जाणूनबुजून कमी सांगतो, १९ भागिले २४ म्हणजे खऱ्या हवेच्या ७९ टक्के. कॉम्प्युटर कमी हवेसाठी इंजेक्टर कमी वेळ उघडतो, इंजेक्टर मोठा असल्यामुळे पेट्रोल बरोबर पडतं. जाहिरातीत हा उपाय सोपा दिसतो, म्हणूनच तो इतका खपतो. पण कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंगही हवेवरूनच ठरवतो. त्याला भार एक पंचमांश कमी दिसला तर तो ॲडव्हान्स वाढवतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी देतो, आणि खऱ्या भाराखाली इंजिन नॉक करतं (पेट्रोल अवेळी भडकतं). पेट्रोल जुळलं, टायमिंग फसलं. सुपरचार्जर असलेल्या गाडीत हा प्रकार पिस्टन फोडू शकतो. नवख्यांना हा मार्ग सुचवणं योग्य नाही.

दुसरा, कंपनीने स्वतः जुळवलेला संच. १९९३ च्या मस्टँग कोब्राचा एक्स३झेड कॉम्प्युटर २४ पौंडांच्या इंजेक्टरसाठीच लिहिलेला आहे. तो त्या गाडीच्याच एअर मीटरसोबत वापरला तर सगळे आकडे खरे राहतात. संच पूर्ण हवा, कॉम्प्युटर एका ठिकाणचा आणि मीटर दुसरीकडचा असं नको. मात्र हा कॉम्प्युटर कोब्राच्या कॅमसाठी आहे, ई३०३ चं आयडल त्याला पूर्ण सांभाळता येईलच असं नाही.

तिसरा, आणि आपल्या गाडीसाठी योग्य : ए९एल तसाच ठेवून त्याच्या मागच्या जे३ पोर्टवर चिप बसवायची, आणि इंजेक्टरचा प्रवाह, डेड टाइम, मीटरचा खरा तक्ता आणि आयडलचे आकडे त्यात लिहायचे. मीटर मोठा घ्या, पण त्यासोबत खरा, न वाकवलेला तक्ता मिळेल असा. पूर्ण थ्रॉटलला मीटरचा व्होल्टेज ५ च्या आतच राहायला हवा. तो वरच्या टोकाला चिकटला की पुढे कितीही हवा आली तरी कॉम्प्युटरला ती दिसत नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जे३ पोर्टच्या पट्ट्यांवर संरक्षक लेप असतो. तो घासून साफ न करता चिप बसवली तर गाडी मधेच बंद पडते आणि दोष चिपवर येतो.

मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र कॉम्प्युटर बसवणं हा चौथा मार्ग आहे. त्यात सगळंच तुमच्या हाती येतं, पण थंड स्टार्टपासून आयडलपर्यंत सगळं तुम्हालाच लिहावं लागतं. पहिल्याच बांधणीत कॅम, इंजेक्टर आणि अनोळखी कॉम्प्युटर एकदम बदलले तर बिघाड कशामुळे झाला हे शोधणं फार जड जातं.

स्पीड डेन्सिटी गाडी मास एअर करताना मीटरची सिग्नल वायर कॉम्प्युटरच्या पिन ५० ला आणि परतीची वायर पिन ९ ला येते. हवा पंपाच्या सोलेनॉइडच्या दोन वायरी हलवाव्या लागतात, पिन ५१ ची ३८ ला आणि ११ ची ३२ ला. त्यानंतर मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर फक्त बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. म्हणून त्याची व्हॅक्यूम नळी काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा आणि सेन्सरचं तोंड उघडं सोडा. हे न केल्यास कॉम्प्युटरला गाडी डोंगरावर चढतेय-उतरतेय असं वाटत राहतं, आणि बिघाडाचा कोड २२ येतो.

मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे ओ२ सेन्सरचे हार्नेस (तारांचे जुडगे) वेगळे असतात. कॉम्प्युटर एका प्रकारचा आणि हार्नेस दुसऱ्या प्रकारचा असेल तर स्टार्टर फिरवताना कॉम्प्युटरमधला सिग्नल ग्राउंडचा पट्टा जळू शकतो. जुना ईईसी-४ विकत घेतला असेल तर झाकण उघडून आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहा. ते गळायला लागलेले असतात, आणि गळलेलं रसायन बोर्डवरच्या रेषा खातं. नवे डाख देऊन बसवून घेणं स्वस्तात होतं.

पायरी ६ : जुळणी करताना मोजायच्या गोष्टी

हायड्रॉलिक रोलर टॅपेट चांगले असतील तर नव्या कॅमवर पुन्हा वापरता येतात. स्प्रिंग मात्र नव्या कॅमच्या कार्डावर सांगितलेल्याच. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडायला किमान ०.०६० इंच, दीड मिमी, बाकी राहायला हवी. रिटेनर आणि गाइडचं सील यांच्यातही तेवढीच जागा ठेवा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर : इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच. पिस्टनवरच्या खाचांत मऊ क्ले चिकटवा, व्हॉल्व्हला थोडं ऑइल लावा, जुन्या गॅस्केटसह हेड बसवा, आणि क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मग हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि जाडी मोजा. या तपासणीपुरते टॅपेट सॉलिड वापरा. हायड्रॉलिक टॅपेट दाबला जातो आणि अंतर असल्यापेक्षा जास्त दाखवतो. मूळ हेडवर सुखाने बसलेला कॅम मोठ्या व्हॉल्व्हच्या हेडवर बसेलच असं नाही, म्हणून ही मोजणी टाळू नका.

टायमिंग चेनच्या ठिपक्यासमोर ठिपका जुळला म्हणजे काम झालं असं नाही. डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावून इनटेकची सेंटरलाइन (इनटेक व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तो कोन) कार्डाशी पडताळा. मूळ पुशरॉड साधारण ६.२५ इंचांचे आहेत. हेड किंवा रॉकर बदलले की लांबी पुन्हा मोजावी लागते. पेडेस्टल रॉकरचा बोल्ट ढिलाई संपल्यापासून पाव ते एक फेरीत १८ ते २५ पौंड-फूट टॉर्कला पोचायला हवा. जास्त फिरत असेल तर शिम (पातळ चकती) टाका. कॅमच्या स्प्रॉकेटचा बोल्ट ४० ते ४५ पौंड-फूट, थ्रस्ट प्लेटचे ९ ते १२, डॅम्परचा ७० ते ९०.

डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूला चालणारा हवा. स्टीलच्या रोलर कॅमवर बिडाचा गिअर लावला तर थोड्याच दिवसांत दात खाल्ले जातात आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये फिरतो. कॅम देणाऱ्याला गिअर कोणता ते विचारूनच घ्या.

इंजेक्टर बसवण्याआधी रेलवरच्या व्हॉल्व्हमधून दाब सोडा, इंजिन थंड असताना, खाली कापड धरून. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरडी ओ-रिंग कापली जाते, आणि खालच्या ओ-रिंगमधून शिरणारी हवा मीटरने मोजलेली नसते.

पायरी ७ : पहिला स्टार्ट आणि लक्षणं

चावी फिरवा, स्टार्टर नको. पंप दाब भरेल, गळती पाहा. मग स्टार्ट करा. गरम झाल्यावर डिस्ट्रिब्युटरजवळचा स्पाउट कनेक्टर काढून बेस टायमिंग १० अंश ठेवा आणि तो परत लावा. तो परत लावायचा राहिला तर टायमिंग वाढतच नाही आणि गाडी मेल्यासारखी चालते. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज ०.५ ते १.० च्या दरम्यान कुठेही चालतो. ‘बरोबर ०.९९’ च्या मागे लागून स्क्रूची छिद्रं रुंद करत बसू नका, चावी दिल्यावर कॉम्प्युटर बंद थ्रॉटलचा आकडा स्वतःच शिकतो. ई३०३ ला आयडल ८०० ते ९०० ठेवा, मूळच्या ७०० वर अडून बसू नका.

कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड काढून पाहा. ४१ आणि ९१ एकत्र आले, म्हणजे दोन्ही बाजू पातळ, तर आधी हवेची आणि एक्झॉस्टची गळती शोधा. मोठ्या कॅममध्ये आयडलला न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते आणि ओ२ सेन्सर तिला ‘पेट्रोल कमी’ समजतो. कॉम्प्युटर मग पेट्रोल वाढवत राहतो. मिश्रणात प्रत्यक्षात पेट्रोल जास्त, कोड मात्र पातळ मिश्रणाचा. म्हणून वाइडबँड मीटर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ४२ आणि ९२ एकत्र आले, म्हणजे दोन्ही बाजूंना पेट्रोल जास्त, तर चिपमधला इंजेक्टरचा आकडा आणि रेग्युलेटरचा दाब तपासा. ६६ म्हणजे एअर मीटरचा सिग्नल पोचत नाही. एखादाच सिलिंडर मिसिंग करत असेल तर ईईसी-४ ची सिलिंडर बॅलन्स चाचणी चालवा. कॉम्प्युटर एकेक इंजेक्टर बंद करून पाहतो. सगळं ठीक असेल तर ९०, नाहीतर दोषी सिलिंडरचा आकडा दहापटीत, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला ३०.

वाइडबँडवर पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८ च्या दरम्यानचं मिश्रण (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा) ठेवा, आणि ते जमेपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी खरेदीआधीच पाहावं : १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग तपासणी आहे, आणि धुरावर परिणाम करणाऱ्या, मूळच्यापेक्षा वेगळ्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा ईओ (मंजुरीचा) क्रमांक लागतो. क्रमांक नसलेला कॅम किंवा चिप गाडीत असेल तर धूर स्वच्छ निघूनही गाडी नापास होऊ शकते.